बेळगावचं बेळगावी करताना झालेला घोळ

दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची फाईल नोटपॅड प्लस प्लस ह्या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये होती, कुरियरवाला म्हणाला सगळीकडं बेळगावी पाहिजे (2014 पासनं सरकारी नाव तेच, घरात आम्ही बेळगावच म्हणतो की). शोधून बदलायचं कंट्रोल एच दाबलं, वरच्या चौकटीत बेळगाव, खालच्या चौकटीत बेळगावी, रिप्लेस ऑल. झालं! आधीच बरोबर असलेल्या ओळीत 'बेळगावीी' आणि शेऱ्यात 'बेळगावात' होतं तिथं 'बेळगावीात', मध्येच ठिपक्यांचा गोल. कंट्रोल झेड मारून सगळं मागं आणलं. मग डोकं लावलं, पत्त्यात नावापुढं पिनकोड असतोयच, म्हणून शोधायला 'बेळगाव 59' आणि बदलायला 'बेळगावी 59' घातलं, शहराचं 590001 पण आलं, खानापूरचं 591302 पण. डॅशवाले तेवढे 'बेळगाव-59' घालून परत एकदा करावे लागले.