मूल ऐकत नाही? आधी त्याचं वय बघा, मग सूचना द्या

‘सांगितलेलं कळत नाही का?’ हे तीन वर्षांच्या मुलाला विचारण्यात अर्थ नाही. कळतं, पण वळत नाही. मन आवरणं, सूचना ध्यानात धरणं, नियम बदलला की वागणं बदलणं ही कामं मुख्यतः कपाळामागचा मेंदू करतो. त्याची वाढ विशीतही चालूच असते.

१. मूल कुठवर आलंय ते तपासा. दोन डबे घ्या. एकावर निळा ससा, दुसऱ्यावर लाल होडी चिकटवा. मुलाच्या हातात लाल सशांची आणि निळ्या होड्यांची चित्रं द्या. आधी रंगाप्रमाणे लावायला सांगा. पाच-सहा चित्रं झाली की म्हणा, ‘आता रंग नाही, आकार बघायचा.’ तीन वर्षांची बरीच मुलं रंगालाच चिकटून राहतात. गंमत म्हणजे ‘ससे कुठे जातात?’ विचारलं तर बरोबर डबा दाखवतात आणि पुढच्याच क्षणी लाल ससा होडीच्या डब्यात टाकतात! चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना हे जमू लागतं. खेळ म्हणूनच खेळा, मार्क देऊ नका.

२. लहानग्यांना सूचना ऐनवेळी द्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूवर कधी ताण येतो हे कळावं म्हणून साडेतीन आणि आठ वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार मोजला होता. मोठी मुलं पुढची तयारी आधीच करत होती. लहान मुलं वेळ आल्यावर आठवत होती. म्हणून ‘रस्त्यावर धावायचं नाही’ हे घरात दहादा बजावण्यापेक्षा रस्त्याच्या कडेला उभं राहून, हात धरून एकदा सांगा.

३. खेळ घ्या, पण चमत्काराची आशा नको. ‘डोकं’ म्हटलं की पायाला हात लावायचा, असे उलट खेळ छान. मात्र सरावाचा फायदा बहुतांशी त्या खेळापुरताच राहतो. मेंदू तल्लख करणाऱ्या ॲपवर पैसे घालवू नका.

४. दिलेला शब्द पाळा. २०१३च्या एका प्रयोगात, शब्द पाळणारा माणूस भेटलेली मुलं समोरचा खाऊ न खाता जास्तीच्या खाऊसाठी सरासरी १२ मिनिटं थांबली. शब्द मोडणारा भेटलेली जेमतेम ३. त्यांचं चुकलं असं मला तरी वाटत नाही.

५. किशोरवयीन मुलांशी आधीच ठरवा. सोळाव्या वर्षी शांतपणे विचार करताना ती मोठ्यांच्या जवळपास पोहोचतात. मित्रांच्या घोळक्यात तोल जातो. तेव्हा ‘गाडी चालवणारा प्यायलेला असेल तर बसायचं नाही, फोन करायचा, मी न ओरडता न्यायला येईन’ हे पार्टीच्या आदल्या दिवशीच बोलून ठेवा.