चर्चच्या प्रथा पाळायच्या, पण कुठवर?

आधीच सांगतो, प्रथा मोडा असं माझं म्हणणं नाही. "आम्ही फक्त बायबल मानतो" म्हणणाऱ्यांच्यातही थोड्या वर्षांत तीच गाणी, तीच खुर्ची आणि प्रार्थनेचा तोच सूर ठरून जातो, त्यामुळे प्रथा कुणालाच चुकलेली नाही.

सुरुवात एकाच प्रथेपासून करा, सगळ्यांची एकदम चिरफाड नको. पहिलं बघा की ती आली कुठून. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं, येशूने स्वतः सांगितलंय, तिथे विषय संपला. पण 25 डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, कुठेच नाही, आर्मेनियन चर्च तर ख्रिस्तजन्म 6 जानेवारीला साजरा करतं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, 40 दिवसही बायबलमध्ये आज्ञा म्हणून नाहीत, इ.स. 325 च्या नायसिया परिषदेच्या, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेच्या, नियमांत त्यांचा उल्लेख सापडतो. म्हणून ते वाईट असं नाही हां, फक्त आज्ञा वेगळी आणि रीत वेगळी एवढं डोक्यात ठेवायचं.

मग खरा प्रश्न, या प्रथेआड मी काही टाळतोय का? बायबलमधला मार्क 7 काढून वाचा. आईबापाला द्यायचं ते "कुर्बान" म्हणजे देवाला वाहिलंय असं म्हटलं की जबाबदारीतून सुटका, आणि वर धार्मिकपणा आहेच. येशू चिडला तो यावर. माझंच सांगतो, एका लेंटला मी गोड सोडलं, कॅलेंडरवर रोज टिक मारायचो, आणि त्याच दिवसांत भावाचा फोन आला की मोबाईल उलटा ठेवायचो. टिका सगळ्या पूर्ण झाल्या पण, अगदी चाळीसच्या चाळीस!

आणखी एक, चांगली गोष्टसुद्धा बिघडते. पितळी साप मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केला होता (गणना 21), साप चावलेले लोक त्याच्याकडे बघून वाचले, पण पुढे त्याच्यासमोर धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). तेव्हा "पूर्वी याने आशीर्वाद मिळाला" हे कारण पुरत नाही, आज आपण त्याचं काय करतोय ते बघायचं.

उलट बाजूही आहे. प्रेषित पौल आपल्या पत्रांत कलस्सैच्या मंडळीला, म्हणजे कलस्सैकरांना, माणसांच्या परंपरांपासून सावध करतो आणि तोच थेस्सलनीकाकरांना शिकवलेल्या परंपरा धरून ठेवा म्हणतो (2 थेस्स. 2:15), म्हणजे परंपरा या शब्दानेच दचकायचं कारण नाही. आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स मंडळी परंपरेला प्रोटेस्टंटांपेक्षा जास्त अधिकार देतात, तिथे वाद घालण्याआधी त्यांच्याकडून नीट समजून घ्या.

एखादी रीत तुम्हाला नको वाटली तर स्वतःपुरती सोडा, शेजारच्याच्या हातून ती हिसकावू नका, पौलाच्या रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय याच भांडणावर आहे. आणि पाळकांना "हे चूक आहे" म्हणून गाठू नका, "हे आपल्याकडे कधी सुरू झालं?" एवढंच विचारा, बऱ्याचदा त्यांनाही तो प्रश्न पडलेला असतो.