गोल टोकांचा ठळक तिरका देवनागरी फॉन्ट करताना

नवखा माणूस आधी अक्षरं गोल करतो आणि मग तिरपी. घोळ इथेच होतो. तिरपं केल्यावर अर्धगोल टोकं अंड्यासारखी चेपतात. क्रम उलटा हवा : टोकं चौकोनी ठेवून अक्षर काढा, तिरपं करा, दुरुस्त करा आणि गोलाई सगळ्यात शेवटी द्या.

१००० युनिटच्या (युनिट म्हणजे फॉन्टमधलं मोजमापाचं माप) चौकटीत दंड, म्हणजे अक्षराची उभी रेघ, १५० जाड असेल तर शिरोरेषा १२०च्या आसपास ठेवा. आडवी रेघ डोळ्याला उभीपेक्षा जाड भासते. कल १० अंशांचा पुरे. तेवढ्यानेही ७०० युनिट उंचीवरचा बिंदू सुमारे १२३ युनिट उजवीकडे सरकतो. सॉफ्टवेअरने नुसतं तिरपं केलं की 'व', 'ठ' यांच्या गोलाईत वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाडी वाढते, उरलेल्या दोन बाजूंना घटते. ती हातानेच सारखी करावी लागते. रफार, मात्रा, अनुस्वार यांचे अँकरही (ही चिन्हं अक्षरावर जिथे बसतात ते बिंदू) तपासा, नाहीतर अनुस्वार मागेच राहतो.

खरी डोकेदुखी शिरोरेषा. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची टोकं गोल केलीत तर शब्दभर खाचा पडतात, मण्यांची माळ ओवल्यासारख्या. म्हणून शब्दाच्या आत ती चौकोनीच कापा आणि दोन्ही बाजूंनी १०-१५ युनिट पुढे काढून शेजारच्या अक्षरावर चढू द्या. शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी गोल टोक हवंच असेल तर त्यासाठी वेगळे ग्लिफ (अक्षरांचे आकार) आणि शेजारचं अक्षर पाहून आकार बदलणारे ओपनटाइप नियम, म्हणजे फॉन्टच्या फाइलीतच लिहिलेल्या सूचना, लागतात. काम वाढतं, पण मोठ्या मथळ्यात फरक लगेच दिसतो. चढलेल्या भागाचा एक तोटा : अक्षरांना बाह्यरेषा दिली की सांधे उघडे पडतात. पाटीसाठी व्हिनाइल (चिकटपट्टीचा प्लास्टिक पत्रा) कापायला देण्याआधी मजकुराचे आकार करून ते एकत्र जोडून घ्या.

ठळकपणात 'क्ष', 'द्ध', 'ष्ठ' यांच्या पोकळ्या बुजतात. तिथे सगळीकडे १५०चा हट्ट नको. आतल्या रेघा ११०पर्यंत उतरवा.

'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं मूळ संचात घ्या किंवा भाषेनुसार बदलतील अशी सोय करा. हिंदी वळणाचा 'ल' मराठी मथळ्यात चटकन खटकतो. चाचणीला 'दऱ्याखोऱ्या', 'विठ्ठल', 'कर्तृत्व', 'ट्रॅक्टर', 'विद्यार्थी' हे शब्द ठेवा. 'ऱ्य'मधला र जाड वजनात पुढच्या अक्षराला चिकटतो, त्याला मुद्दाम जागा द्यावी लागते.

अभ्यासाला मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' हा फॉन्ट घ्या. खुल्या परवान्याचा आहे, जाड आहे, गोलसर आहे, आणि त्याला तिरकं रूप नाही. सरावाला याहून चांगलं काय हवं!

फाइल काढताना वजन (जाडीचा आकडा) ७००, कल उणे १० (उजवीकडचा कल फाइलीत उणे लिहितात) आणि 'ठळक' व 'तिरका' या दोन्ही खुणा लावा. खुणा राहिल्या तर वापरणाऱ्याने तिरक्याचं बटण दाबताच संगणक आधीच तिरक्या अक्षरांना आणखी कलवतो.