पीएच प्रोब टाकीतून बाहेर काढण्याआधी

ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या) न्यूट्रलायझेशन टाकीवरचा, म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा मारायच्या टाकीवरचा, पीएच अ‍ॅनालायझर कॅलिब्रेट करायचाय ना, मग सुरुवात फोनपासून करा. पॅनेल ऑपरेटरला अ‍ॅनालायझरचा टॅग नंबर सांगा आणि लूप (रीडिंग बघून पंप आपोआप चालवणारं कंट्रोल) मॅन्युअलला घेतल्याचं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका. ‘हो हो, करतो’ एवढ्यावर विसंबायचं नाही. मग परमिट घेऊन टाकीवर.

पिशवीत पीएच 4, 7 आणि 10 चे बफर (ठरलेल्या पीएचची द्रावणं), बाटल्यांवर उघडल्याची तारीख घातलेली. 10 चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खाली येतो, म्हणून तो वापरायच्या वेळीच उघडा. कपात ओतलेला बफर परत बाटलीत नको. वॉश बॉटल, टिश्यू, हातातला पीएच मीटर, गॉगल, हातमोजे. टिश्यूने प्रोबच्या टोकाचा काचेचा बल्ब नुसता टिपायचा, चोळायचा नाही.

अ‍ॅनालायझरचा मेन्यू उघडायचा कोड आदल्या दिवशीच विचारून ठेवा. बऱ्याच मॉडेलांत दोन कोड असतात: एकाने फक्त कॅलिब्रेशन आणि होल्ड उघडतं, दुसऱ्याने सगळा मेन्यू. आपलं काम पहिल्यात भागतं. (झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेले कोड मी पाहिलेत. मग कोड ठेवायचाच कशाला?)

आता होल्ड. यात जास्त वेळ घाला. होल्ड दाबलं की अ‍ॅनालायझरकडून कंट्रोलरला जाणारा 4-20 मिलीअँपचा सिग्नल आहे त्या आकड्यावर गोठतो, किंवा आधी ठरवून दिलेल्या आकड्यावर जातो; यातलं कुठलं सेट आहे ते बघा. सिग्नल थांबला तरी टाकीत येणारं पाणी थांबत नाही. पीएच 4 ला घसरलेला असताना होल्ड घेतलात आणि लूप ऑटोवर राहिला, तर कंट्रोलरला 4 च दिसत राहतो आणि कॉस्टिकचा (पीएच वाढवणाऱ्या अल्कलीचा) पंप ओततच राहतो. म्हणून रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबा, मगच होल्ड. होल्डमध्ये अलार्मही गप्प बसू शकतात, तेव्हा दर दहा मिनिटांनी टाकीतला नमुना हातातल्या मीटरवर बघा. काही मॉडेलांत लाइट जाऊन आली की होल्ड आपोआप सुटतं, तेही ध्यानात असू द्या.

माझ्या उमेदवारीच्या काळात मी होल्ड विसरलो होतो. प्रोब 4 च्या बफरमध्ये. 0 ते 14 च्या रेंजवर म्हणजे 8.57 मिलीअँप. कंट्रोलरला वाटलं टाकी आंबली. मी कप हलवत बसलो तोवर टाकी 11 च्या वर गेली होती. ती खाली आणायला अ‍ॅसिड आणि अख्खी दुपार गेली.

रीसेटच्या मेन्यूत गरज नसताना शिरू नका. नुसतं कॅलिब्रेशन पुसणं वेगळं आणि फॅक्टरी रीसेट वेगळं. दुसऱ्यात रेंज, अलार्म, आउटपुटची मांडणी सगळी जाते. म्हणून आधी प्रत्येक स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढा, परवानगी असेल तर. नसेल तर वहीत उतरवा. स्लोप, म्हणजे पीएचच्या एका अंकामागे इलेक्ट्रोडच्या (प्रोबच्या) व्होल्टेजमधला फरक, 25 अंश सेल्सिअसला 59 मिलीव्होल्टच्या आसपास हवा. तो 50 च्या खाली आला तर इलेक्ट्रोड धुऊन बघा, नाहीतर बदला. रीसेट करून म्हातारा इलेक्ट्रोड तरुण होत नाही.

प्रोब टाकीत परत गेला, रीडिंग हातातल्या मीटरशी जुळलं, की होल्ड काढा. पॅनेलवर तोच आकडा दिसतोय का ते फोनवर विचारा, मग लूप ऑटोला. लॉगबुकात होल्ड घेतल्याची आणि काढल्याची, दोन्ही वेळा लिहा.