होम स्टडीच्या आधी: आमच्या घरातली तयारीची यादी

मूल दत्तक देण्याआधी समाजसेविका घरी येऊन घर आणि घरातली माणसं पाहतात आणि अहवाल लिहितात, ती होम स्टडी. तिच्या तयारीत सगळ्यात आधी दोघांचे पासपोर्ट काढून समोर ठेवा. गोव्यात कितीतरी घरांत दत्तकाची तयारी इथूनच सुरू होते. माझे सासरे आणि माझे वडील, दोघेही १९६१ च्या आधी, पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. त्यांच्या जन्माच्या नोंदीवर आम्ही नवरा-बायकोने पोर्तुगीज पासपोर्ट घेतले, नऊ वर्षं इंग्लंडमध्ये काढली आणि ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना परदेशी नागरिक झाल्यावर इथे राहण्यासाठी मिळणारं कार्ड) घेऊन फोंड्याजवळच्या घरी परत आलो. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे कुळागरातल्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेतल्या, घरात राहत असूनही कागदावर आम्ही परदेशी होतो आणि आमचं दत्तक आंतरदेशीय (दोन देशांमधलं) ठरलं. अशा जोडप्याचं भारतात किमान वर्षभर वास्तव्य हवं, पासपोर्ट देणारा देश दोन देशांमधल्या दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग करारात असायला हवा (पोर्तुगाल आहे), आणि त्या देशाच्या वकिलातीचं ना-हरकत पत्र लागतं. ते पत्र आपल्या हातात नसतं. म्हणून कारामध्ये, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, नोंदणी करायचं ठरलं की त्याच आठवड्यात वकिलातीला लिहा.

मग वयांची बेरीज करा. २०२२ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठच्या पुढे ११०. आमची बेरीज ८८ झाली. तान्हं बाळ घरी येणार नाही, हे त्या रात्री वहीच्या पानावर कळलं. ते मनात मुरायला वेळ लागतो, म्हणून ही बेरीज होम स्टडीच्या बरीच आधी करा.

कागदांत आम्हाला सर्वांत जास्त छळलं ते नावांनी. जुन्या पोर्तुगीज नोंदीत कामतांचं कामोतीम होतं, प्रभूंचं पोरोब. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, वीजबिलावर तिसरंच. प्रत्येक कागदावरचं नाव अक्षरन् अक्षर एका वहीत उतरवून काढा. जिथे फरक दिसेल तिथे ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. लग्नाचा दाखला म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतला, नोंदणीच्या दोन टप्प्यांतली पहिली सही आणि दुसरी सही झालेला. देवळातल्या लग्नाचे फोटो त्याची जागा घेत नाहीत. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचं नाव आणि सगळे वांगडी (कुळातले भाऊबंद) असतील तर घाबरू नका. घर तुमच्याच मालकीचं हवं अशी अट नाही. घरपट्टीची पावती जोडा आणि जमिनीची खरी परिस्थिती सरळ सांगा. उत्पन्नाचे कागद, जन्मदाखले, कुटुंबाचा फोटो हे सगळं एका दिवसात होतं. डॉक्टरांच्या दाखल्याच्या वेळी मात्र रोजच्या गोळ्या लपवू नका. मला थायरॉइड आहे, तो दाखल्यात लिहिला गेला आणि त्याने काही अडलं नाही. परदेशात राहून आला असाल तर तिथल्या पोलिसांचा दाखला ऑनलाइन मागवता येतो. आणि जून ते सप्टेंबर ही फाइल कपाटात ठेवू नका. आमच्या विवाहदाखल्यावर एका पावसाळ्यात हिरवट बुरशी धरली आणि नवी प्रत काढावी लागली. झाकणाच्या डब्यात ठेवा, ऊन पडलं की उघडा.

ओळखीच्या दोन माणसांची पत्रं आमच्याकडे मागितली होती. सरपंचांचं पत्र भारदस्त दिसतं, पण त्यांनी तुम्हाला आजारी माणसाची सेवा करताना पाहिलेलं नसतं. आम्ही शेजारच्या काकींना विचारलं. सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा रात्री त्या आमच्या घरात होत्या.

आता घर. पहिले दोन आठवडे आम्ही भिंती रंगवण्यात घालवले आणि ते वाया गेले. भिंतीचा रंग कोणी विचारत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या उंचीला बसा, खरोखर जमिनीवर बसा, आणि घरभर फिरा. मी तशी फिरले तेव्हा सामानाच्या खोलीत खालच्या फळीवर मोरचुदाचा डबा दिसला. पावसाळ्यात पोफळींना कोळेरोग लागू नये म्हणून चुना आणि मोरचूद कालवून औषध मारतात, त्यातला उरलेला. झाकण सैल होतं. आत निळेभोर खडे, हुबेहूब खडीसाखरेसारखे. शेजारीच तांदळाची कणगी. हा डबा लग्न होऊन आल्यापासून मी रोज बघत होते, आणि त्या दिवशी मात्र माझे हात थरथरले. तो आता कुलपात आहे, कोयता आणि पोफळीवर चढायची दोरीही तिथेच. नारळ खवायची आदोळी काम झालं की उचलून वर ठेवायची सवय आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सत्तराव्या वर्षी लावून घेतली. न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या भाणावर लाकडी झाकण आलं, सासऱ्यांच्या गोळ्या वर गेल्या. विहिरीचा कठडा माझ्या गुडघ्याएवढाच होता. फोंड्याच्या वेल्डरकडून लोखंडी जाळी करून घेतली. रहाटाकडची अर्धी बाजू उघडते, आणि कडी मोठ्या माणसाच्या हातालाच पोचते. समाजसेविका ताई आल्या तेव्हा त्यांनी शोकेस पाहिली नाही, झोपायच्या खोलीत जेमतेम दोन मिनिटं थांबल्या. विहिरीपाशी मात्र जाळीला दोन्ही हातांनी धक्का देऊन पाहिला. मुलासाठी खोली सजवून, पाळणा नि खेळणी आणून ठेवू नका, असं माझं मत आहे. मूल कोणत्या वयाचं, कसं येईल ते ठरलेलं नसतं, आणि ती रिकामी खोली रोज डोळ्यांपुढे राहते.

यादीतला सर्वांत जड भाग घरातली माणसं. ताई दोघांशी एकत्र बोलतात, वेगवेगळं बसवूनही बोलतात. म्हणून एक संध्याकाळ दोघांनीच बाहेर सोप्यावर बसा आणि मूल न होण्याच्या वर्षांबद्दल बोला. आम्ही इंग्लंडमध्ये उपचार घेतले, दोनदा गर्भ टिकला नाही, आणि त्यावर आम्ही एकमेकांशी कधी नीट बोललोच नव्हतो. नवऱ्याने त्या संध्याकाळी सांगितलं की दुसऱ्या वेळी तो दवाखान्याच्या गाडीतळावर रडून मग वर आला होता. हे मला सहा वर्षांनी कळलं. उत्तरं जुळवायला बसू नका. जे आहे ते एकमेकांना आधी कळू द्या. होम स्टडीत पहिल्यांदाच कळलं तर ते फार दुखतं.

मग वडीलधारी माणसं. आमच्यासारख्या घरात प्रश्न फक्त नातवंडाचा नसतो, कुळाचा असतो, देवाचा असतो, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी जमणाऱ्या सगळ्या वांगड्यांचा असतो. मूल कोणत्या राज्यातून, कोणत्या जातीतून येईल ते आधी कोणी सांगणार नाही आणि विचारायचंही नाही. हे मी आईंना जेवण झाल्यावर स्पष्ट सांगितलं. त्या उठून आत गेल्या आणि तीन दिवस या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. चौथ्या दिवशी फुलं ओवताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "देवाच्या पायांवर कोण घालणार, तू की मी?" मी म्हटलं, "तुम्ही." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली आणि पुढचं फूल घेतलं. ताईंनी विचारलं तेव्हा आईंनी हेच सांगितलं, मला काही शिकवावं लागलं नाही.

सगळेच असे वळत नाहीत. एका चुलत दिराने चवथीच्या पंगतीत "आपलं रक्त ते आपलं" म्हटलं होतं. ते ताईंना सांगावं की नाही यावर आमचा वाद झाला. शेवटी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "हेच तो मुलासमोर म्हणाला तर तुम्ही त्या क्षणी काय कराल?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही तयार ठेवा. आमचं आता ठरलं आहे: मुलाला उचलायचं, पंगतीतून उठायचं, आणि घरी जाताना आपण का उठलो हे मुलाला सांगायचं.

बाकी प्रश्न पटापट. आम्हा दोघांना काही झालं तर मूल कोण सांभाळेल? म्हापशाच्या नणंदेने तसं लिहून दिलं, आणि तिच्या नवऱ्याशीही आम्ही वेगळं बोललो. पुन्हा इंग्लंडला जाणार का? परदेशी पासपोर्ट असला की हे विचारलं जाणारच. आमचं उत्तर नाही असं होतं. तुमचं "कदाचित" असेल तर कदाचित म्हणा, कारण मूल घरी आल्यावर दोन वर्षं त्याच्या प्रगतीची पाहणी होते आणि देश सोडायचा तर कळवावं लागतं. भाषेचं काय? घरात कोकणी, वाचन मराठी, आणि मूल कदाचित ओडिया नाही तर बंगाली बोलत येईल. मूल कुठून येतंय ते कळलं की तहान, भूक, दुखतं, शी, आई, भीती एवढे शब्द त्या भाषेत शिकून घेऊ, हे आम्ही लिहूनच दिलं. माशांचा वास त्याला नकोसा वाटू शकतो, हेही धरून चाला. दत्तक असल्याचं केव्हा सांगणार? पहिल्या दिवसापासून, घरात तो शब्द सहज वापरून. मोठं झाल्यावर आपलं मूळ शोधायची सोय नियमांतच आहे, मग आपण लपवून काय साधणार?

भेटीच्या दिवशी फाइल क्रमाने लावून टेबलावर ठेवा, कुत्रा बांधा, घरातल्या सगळ्यांना घरी राहायला सांगा. जेवायचा आग्रह नको, कोकम सरबत पुरे.

अहवाल तीन वर्षं चालतो. मधल्या काळात घरात काही बदललं तर स्वतःहून कळवा. आमचे सासरे अहवालानंतर सात महिन्यांनी गेले. आम्ही कळवलं तेव्हा ताई पुन्हा आल्या, आईंपाशी एकट्याच अर्धा तास बसल्या, आणि जाताना विहिरीची जाळी परत एकदा हलवून पाहिली.