एका टाचेला कोकम, दुसरीला युरिया: नैसर्गिक आणि कृत्रिम घटकांची तुलना घरी कशी करावी

थंडी सुरू झाली की आमच्या कपाटातून दोन गोष्टी बाहेर येतात. एक म्हणजे कोकणातून आलेला कोकमतेलाचा फिकट, टणक गोळा, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला. दुसरी, केमिस्टकडची युरियाच्या क्रीमची ट्यूब. दोन्ही टाचांच्या भेगांसाठी. मग ठरलेला वाद. आत्या म्हणते, "शेतात टाकायचा युरिया पायाला चोळतेस?" भाची म्हणते, "आणि तुझ्या गोळ्यात काय काय आहे, ते कुठे लिहिलंय?" दोघींचे प्रश्न रास्त आहेत, फक्त उत्तर शोधायची रीत चुकते. ती रीत टाचांवरच करून पाहू; पुढे चेहऱ्याच्या क्रीमलाही तीच चालते.

पायरी १: घटक कुठून आला हे नंतर, तो काय काम करतो ते आधी

युरियापासूनच सुरुवात करू. युरियासारखे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच तयार होऊ शकतात, असा एके काळी समज होता. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया बनवून दाखवला आणि त्या समजाला तडा गेला. आपल्या त्वचेत ओलावा धरून ठेवणारे जे पदार्थ मुळातच असतात, त्यांतही युरिया आहे. क्रीममधला युरिया कारखान्यात बनतो, पण रेणू तोच. त्वचेला तो कुठून आला हे कळायला काही मार्ग नाही. (पण म्हणून खताच्या पोत्यातला दाणा विरघळवून लावायचा नाही. त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, आत इतर अशुद्धी असतात आणि तो त्वचेसाठी शुद्ध केलेला नसतो. हे सांगावं लागतं, कारण मला खरोखर कुणीतरी विचारलं होतं.)

कोरड्या टाचेला तीन कामांची गरज असते: पाणी धरून ठेवणं, ते उडू न देणं आणि वरची जाड कातडी सैल करणं. युरिया १० टक्क्यांच्या आसपास असेल तर मुख्यतः पहिलं काम करतो. २० टक्क्यांच्या पुढे तो जाड कातडी सैलही करू लागतो. कोकमतेल यातलं फक्त दुसरं काम करतं, म्हणजे वर थर देऊन पाणी कोंडतं, आणि कातडी थोडी मऊ करतं.

म्हणजे आत्या आणि भाची दोन वेगळ्या कामांची तुलना करत भांडत होत्या. कोकमतेलाशी सामना लावायचाच तर तो पेट्रोलियम जेलीशी. ती खनिज तेलातून येते. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन माणसाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पाणी कोंडण्यात जेली कोकमतेलाच्या पुढे आहे, ती खवट होत नाही आणि नीट शुद्ध केलेल्या जेलीची ॲलर्जी फार क्वचित होते. कोकमतेल शरीराच्या उष्णतेच्या आगेमागे वितळतं, त्यामुळे भेगेत भरलं की तिथेच घट्ट बसतं आणि पायाला चिकचिक राहत नाही. रात्री मोजे घालून झोपणार असाल तर माझं मत जेलीला. दिवसा लादीवर अनवाणी वावरायचं असेल तर कोकम. जेली लावून लादीवर चालायला लागलात की घसरलातच म्हणून समजा.

पायरी २: डबी उलटी करा

समोरच्या बाजूला कोकमाचं फळ असतं, मागच्या बाजूला हिशेब असतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, कोणत्याही क्रमाने.

ही एक टक्क्याची रेषा कुठे आहे ते लेबलवर लिहिलेलं नसतं, पण ओळखता येतं. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे क्रीम खराब होऊ न देणारा पदार्थ, शोधा. ते सहसा एक टक्का किंवा त्याहून कमीच घालतात. म्हणजे त्याच्या मागे जे जे आहे, ते बहुतेक चिमूटभरच. 'गार्सिनिया इंडिका सीड बटर', अर्थात आपलं कोकमतेल, फिनॉक्सीइथेनॉलच्याही मागे असेल, तर तुम्ही कोकमाच्या चित्राचे पैसे देताय. युरियाच्या क्रीमवर टक्केवारी थेट छापलेली असेल तरच घ्या. नुसत्या 'युरियायुक्त'ला अर्थ नाही.

'नारळापासून बनवलेले' या शब्दांनीही लगेच विरघळू नका. साबणात फेस करणारं सोडियम लॉरिल सल्फेट नारळाच्या तेलापासूनही बनतं, आणि संशोधकांना त्वचेवर मुद्दाम जळजळ निर्माण करून चाचणी घ्यायची असते तेव्हा ते हेच वापरतात.

पायरी ३: पाणी आहे का ते बघा

घटकांत पहिलं नाव 'ॲक्वा', म्हणजे पाणी, असेल तर त्यात जंतू वाढू शकतात, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागतंच. कोकमतेलाच्या गोळ्यात किंवा दिवाळीच्या कोरड्या उटण्यात पाणी नाही, म्हणून ते लागत नाही. तेच उटणं दुधात कालवून उद्यासाठी फ्रिजमध्ये ठेवलंत, तर नैसर्गिकपणा तुम्हाला वाचवणार नाही.

पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हची भीती तर घराघरात पोचली आहे. आता पुढचं ऐका. लोक पॅराबेनला घाबरले, कंपन्यांनी ते काढलं आणि अनेक ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घातलं. त्याने इतक्या जणांना ॲलर्जी झाली की अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३ मध्ये त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवलं. युरोपने २०१७ पासून अंगावर तसंच राहणाऱ्या क्रीममध्ये ते वापरायला बंदी केली. त्याच तज्ज्ञसंस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनला 'वर्षाचा ॲलर्जी न करणारा' म्हटलं. 'पॅराबेनमुक्त' वाचलंत की त्याच्या जागी काय आलंय, ते शोधा.

पायरी ४: वास

भेगाळलेल्या टाचेला सुगंधाची गरज नाही. 'परफ्यूम' असो की लव्हेंडरचं तेल, फुटलेल्या कातडीवर दोन्ही झोंबू शकतात. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हवेशी संयोग पावलं की ॲलर्जीची शक्यता वाढते. टाचेवर लिंबाची फोड घासायचा सल्ला तर सोडूनच द्या. रस जळजळीत आंबट असतो, आणि सालीतले काही पदार्थ उन्हात त्वचा भाजून काळे डाग पाडतात.

पायरी ५: प्रत्यक्ष लावून बघा

आधी दोन्ही गोष्टी हाताच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, वेगवेगळ्या हातांना लावा. दिवसातून दोनदा, सात दिवस. लाली, खाज, पुरळ आलं तर ती गोष्ट बाद.

मग टाचा. पहिल्या दिवशी दोन्हींचे फोटो त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी काढा. रोज रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपून घ्या, डावीला कोकमतेल आणि उजवीला युरियाची क्रीम. गोळा चमच्यात किंचित गरम करतात, पण आधी हाताच्या पाठीवर थेंब टाकून बघा. पोळलेली टाच भेगेपेक्षा वाईट. सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा फोटो. मधेच मोह होऊन दोन्ही टाचांना दोन्ही लावलंत, तर प्रयोग संपला.

माझ्या वेळी कोकमाच्या टाचेची ठणक लवकर थांबली, पण कडेची जाड कातडी तशीच राहिली. युरियाच्या टाचेत भेग पहिले दोन दिवस चांगलीच झोंबली, मग कडा मऊ पडल्या. आता रात्री आधी युरिया, दहा मिनिटांनी वरून कोकम. खोल, रक्त येणाऱ्या भेगेत मात्र युरिया नको; ती आधी जेलीने किंवा कोकमाने बुजू द्या.

मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल, तर हा प्रयोग करूच नका, डॉक्टरांना पाय दाखवा. बोटांच्या बेचक्यात खाज असेल आणि तळव्यावर पिठासारखा कोंडा निघत असेल, तर ती बुरशी असू शकते, आणि तिच्यावर ना आत्याचा गोळा चालतो ना भाचीची ट्यूब.