बुधवारच्या सभेची तयारी : नव्या सचिवांसाठी

१ जुलैला रोटरीचं वर्ष बदलतं आणि सचिवाची वही नव्या हातात जाते. २०१६ पासून महिन्यातून दोन सभा घेतल्या तरी चालतं. आपल्या सोलापूरच्या रोटरी क्लबने मात्र दर बुधवारची सभा राखली आहे, कारण कुणाच्या उपचाराचा किंवा शाळेच्या फीचा विषय पंधरा दिवस थांबत नाही. पाऊण ते दोन एवढ्या वेळात जेवण, कामकाज आणि पाहुण्यांचं भाषण बसवायचं असतं. त्यातली भाषणाची वीस मिनिटं शाबूत ठेवायची, यासाठीच सगळी तयारी. जेवण लांबलं किंवा सूचना वाढल्या की कात्री नेमकी तिथेच लागते. नवी पेठेतलं दुकान नाहीतर अक्कलकोट रोडचा कारखाना सोडून आलेला माणूस दोनला उठतो, आणि त्याने उठलंच पाहिजे.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. वर्षाचे बुधवार एकदाच लिहून काढा आणि त्यावर सण मांडा. संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक निघते तेव्हा गावातले रस्ते बंद असतात, म्हणून ती सभा होटगी रोडकडे न्या किंवा पुढे ढकला. रमजानमध्ये रोजे धरणारे आपले सदस्य दुपारी रिकाम्या ताटासमोर बसणं बरं दिसत नाही. त्या महिन्यात एक तरी सभा संध्याकाळी, इफ्तारला धरून ठेवा. बुधवारी एकादशी आली तर भगर आणि दाण्याची आमटी वेगळी सांगा.

पाहुण्यांना महिनाभर आधी विचारा आणि विषय एका वाक्यात ठरवून घ्या. ‘आरोग्य’ हा विषय होत नाही. ‘उन्हाळ्यात रक्त का कमी पडतं’ हा होतो. परिचय त्यांच्याकडून मागवा, पण वाचायचा तो चारच ओळींचा. आपल्या गावात तेलुगू आणि कन्नड आडनावं घरोघरी आहेत, त्यांचा उच्चार फोनवर विचारून देवनागरीत लिहून ठेवा. पाहुण्यांचं नाव चुकीचं घेतलं की पुढचं स्वागत फिकं पडतं. त्यांना कोण घेऊन येणार, त्या सदस्याचं नाव वहीत हवं. दोन दिवस आधी पुन्हा फोन करा आणि ‘वीस मिनिटं भाषण, दहा मिनिटं प्रश्न’ हे स्पष्ट सांगा. पाहुण्यांनाही ते सोयीचं जातं.

ताटांचा आकडा मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत केटररला द्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर होकार आला नाही, तर जो नेहमी येतो त्याला फोन करा. जेवण साधंच असावं : ज्वारीची भाकरी, चपाती, एक पातळ भाजी, एक सुकी, डाळ, भात, ताक आणि शेंगाचटणी. जैन सदस्यांसाठी कांदा-लसूण आणि कंदमुळं नसलेली भाजी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावासह, नावाची चिठ्ठी लावून ठेवा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण संकोचाने नुसता दहीभात खाऊन उठणारी माणसं आपल्यात आहेत. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना जेवायला एक वाजून गेलेला चालत नाही. गोड पदार्थ महिन्यातून एकदा पुरे. वाचलेले पैसे औषधनिधीत टाका. पिण्याचे जार सकाळीच येऊन पडले पाहिजेत, एप्रिल-मेमध्ये दुप्पट.

हॉलवर बाराला पोहोचा. माइक बोलून पाहा, सेल जादा ठेवा, प्रोजेक्टर पाहुण्यांच्याच लॅपटॉपला जोडून तपासा. वीज गेली तर जनरेटर कोण सुरू करणार, ते हॉलच्या माणसाला विचारून ठेवा. घंटा, तिरंगा, फोर-वे टेस्टचा, म्हणजे रोटरीच्या चार प्रश्नांच्या कसोटीचा फलक आणि हजेरीवही पाऊणच्या आत जागेवर हवी. घंटा पाऊणच्या ठोक्याला, मग राष्ट्रगीत, लगेच जेवण. सूचना ताटं समोर असतानाच उरकायच्या, प्रत्येकाला एक मिनिट, आणि घड्याळ सार्जंटच्या, म्हणजे सभेची शिस्त सांभाळणाऱ्या सदस्याच्या हातात. वाढदिवसाच्या शुभेच्छाही तिथेच. सव्वाला ताटं उचलली गेली पाहिजेत. वाढपी मंडळींना आधीच सांगा, भाषण सुरू झाल्यावर भांड्यांचा आवाज नको. त्यांचं जेवण बाजूच्या खोलीत त्याच वेळी लावून द्या.

आता सर्वांत महत्त्वाचा कागद. भाषण ज्या कामाचं, त्या कामाची नावनोंदणी प्रश्न चालू असतानाच टेबलांवरून फिरली पाहिजे. रक्तदानाचंच घ्या. साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स अवघे ५ दिवस, त्यामुळे जानेवारीतल्या मोठ्या शिबिराचं रक्त मेपर्यंत पुरत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, तरुण रक्तदाते गावाला जातात आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर रक्त नियमित लागतंच. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, स्त्रियांना चार. म्हणून कागदावर नाव, रक्तगट आणि मागच्या रक्तदानाची तारीख असे तीन रकाने आखा. टाळ्या वाजून गेल्यावर फिरवलेल्या कागदावर नावं येत नाहीत. माणसं चपला शोधत असतात.

पाहुण्यांना स्मृतिचिन्हाऐवजी सोलापुरी टॉवेल द्या, घरी वापरला जातो. आभार दोन वाक्यांत, दोनला पाच कमी असताना. केटररचे पैसे त्याच दिवशी चुकते करा. उरलेलं अन्न तासाभरात पोहोचेल अशा ठिकाणीच पाठवा आणि तिथे आधी फोन करा, उन्हाळ्यात डाळ फार वेळ टिकत नाही. नावांचा कागद मात्र खिशात घालून घरी नेऊ नका. फोटो काढून प्रकल्पप्रमुखांना तिथूनच पाठवा. रक्तपेढीला आकडा गुरुवारी सकाळी कळवा. शिबिराला किती पिशव्या आणि किती तंत्रज्ञ पाठवायचे, हे त्यांना त्यावरूनच ठरवायचं असतं.